एकच रेणू बोटंही घडवतो आणि मज्जारज्जूही, हे कसं?

ऐरोलीहून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : “हाताच्या धड्यात सॉनिक हेजहॉग, मज्जारज्जूच्या धड्यात सॉनिक हेजहॉग, चेहऱ्याच्या धड्यातही तोच. बीएमपी, विंट, एफजीएफ यांचंही तसंच. यातला बोटांचा रेणू नक्की कुठला? एकच रेणू इतकी वेगवेगळी कामं कशी करतो? माझ्या मावसभावाला जन्मतः सहा बोटं आहेत, तेही यामुळेच का? आणि कॉलेजात यावर छोटा प्रकल्प करता येईल का?”

प्रश्नातली ही नावं आहेत भ्रूणातल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या रेणूंची, म्हणजे सिग्नलांची. मी ठाण्यात २२ वर्षं भ्रूणविज्ञान शिकवते आणि त्यातला बराच काळ भ्रूण पाहण्यासाठी कोंबडीच्या अंड्यांच्या कवचाला खिडक्या पाडण्यात गेला आहे. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटतं की आपलं पाठांतर कमी पडतंय. माझ्या मते अडचण ‘बोटांचा रेणू’ या दोन शब्दांतच आहे. रेणूच्या पोटात ‘बोट तयार कर’ असा हुकूम लिहिलेला असतो, असं आपण नकळत धरून चालतो आणि मग तोच रेणू मज्जारज्जूत दिसला की गडबडतो. असा हुकूम रेणूत नसतोच. अर्थ लावते ती ऐकणारी पेशी, आणि ती काय अर्थ लावेल हे ती आजवर कुठल्या वाटेने आली यावर ठरतं.

वर्गात मी ठाणे स्टेशनचं उदाहरण देते. मुंबईकडे जाणारी जलद गाडी मुलुंडला थांबणार नाही, अशी घोषणा होते. मुलुंडला जाणारा दोन पावलं मागे सरकतो. दादरला जाणारा बॅग पुढे घेऊन पुढे सरसावतो. कल्याणकडे निघालेला मान वरही करत नाही. घोषणा एकच, शब्द तेच, आणि त्यात ‘मागे सरका’ किंवा ‘पुढे या’ असं काहीच नव्हतं. माणूस कुठे निघालाय हे आधीच ठरलेलं होतं.

आता याला पुरावा काय, ते सांगते, कारण नुसत्या उदाहरणावर विश्वास ठेवू नये.

कोंबडीच्या भ्रूणात तिसऱ्या दिवशी पंखाची कळी, म्हणजे ज्यातून पुढे पंख होतो तो उंचवटा, दिसू लागते. तिच्या टोकाला बाह्यस्तराची, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पेशीथराची, एक जाडसर कडा असते, एईआर म्हणतात ती. तिच्यातून एफजीएफ सतत पाझरत असतं आणि त्यामुळे खालच्या पेशी वाढत राहतात. १९४८ मध्ये जॉन सॉन्डर्स या भ्रूणशास्त्रज्ञांनी ही कडा कापून पाहिली. लवकर कापली तर दंडाच्या पुढे फारसं काहीच आलं नाही. उशिरा कापली तर फक्त टोकाची बोटं गेली. हा प्रयोग मी स्वतः अनेकदा केला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची अंडी शेजारी-शेजारी ठेवून मुलांना दाखवला की मला बोलावं लागत नाही, ती गप्प होऊन बघत राहतात.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या पुढच्या प्रयोगात आहे. १९५७ मध्ये सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या कळीतला, मांडी होऊ घातलेला तुकडा काढला आणि पंखाच्या टोकाच्या त्या कडेखाली लावला. काय तयार झालं? मांडी नाही. पंखाचं टोकही नाही. तिथे पायाची बोटं आली, नख्या आणि खवल्यांसकट. यात दोन गोष्टी एकाच वेळी कळतात. ‘मी पायाची आहे’ हे त्या पेशीचं आधीच ठरलं होतं आणि ते बदललं नाही. ‘मी टोकाला आहे’ हे मात्र तिने पंखाच्या कडेकडून ऐकलं आणि मानलं. कडेने ‘पंख कर’ असं सांगितलं नव्हतं, तिने फक्त ‘तू टोकाला आहेस’ एवढंच कळवलं होतं. टोकाला असणं म्हणजे काय, हे पायाच्या पेशीने आपल्या रीतीने ठरवलं.

१९९५ मध्ये याच धाग्यातला आणखी एक प्रयोग झाला. एफजीएफमध्ये भिजवलेला मणी कोंबडीच्या भ्रूणाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला, तर तिथे एक जादा अवयव उगवला. मणी पुढच्या बाजूला ठेवला तर पंख, मागच्या बाजूला ठेवला तर पाय. मण्यात दोन्ही वेळा एफजीएफच होतं.

आता हेजहॉगकडे. कळीच्या मागच्या कडेला, म्हणजे आपल्या हातात करंगळीच्या बाजूला, पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्याला झेडपीए म्हणतात. १९६८ मध्ये सॉन्डर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी हा पट्टा दुसऱ्या भ्रूणाच्या कळीत पुढच्या बाजूला लावला. कोंबडीच्या पंखात २, ३, ४ अशी तीन बोटं मोजण्याची पद्धत आहे. त्या पंखात ४-३-२-२-३-४ अशी आरशातल्या प्रतिमेसारखी सहा आली. त्या पट्ट्यातून नेमकं काय पाझरतं हे १९९३ मध्ये कळलं : सॉनिक हेजहॉग. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो याचा एक उपप्रयोग. उंदराच्या कळीतला तोच पट्टा कोंबडीच्या पंखात लावला, तरी जादा बोटं आली ती कोंबडीचीच. सांगणारा उंदीर, ऐकणारी कोंबडी, आणि अवयव ऐकणाऱ्याचा. हा एक प्रयोग नीट पचला की धड्यातलं अर्धं ओझं उतरतं.

नावांनी होणारी दिशाभूल इथेच सांगते, कारण माझे विद्यार्थी तिथे हमखास अडकतात. हे रेणू आपल्याला त्यांच्या कामावरून नाही, तर ते पहिल्यांदा कुठल्या घटनेत सापडले त्यावरून नावाने माहीत आहेत. हेजहॉग हे जनुक क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांना फळमाशीत सापडलं. त्यांचा शोधनिबंध १९८० चा. ते बिघडलं की माशीची अळी आखूड होते आणि अंगभर काटेरी केस येतात, म्हणून अंगावर काटे असलेल्या हेजहॉग या छोट्या प्राण्याचं नाव. पृष्ठवंशीय प्राण्यांतल्या रूपाला ‘सॉनिक’ हे नाव व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून मिळालं. विंटची गोष्ट तर आपल्या अभिमानाची आहे. त्यातला एक धागा ‘विंगलेस’, बिनपंखी फळमाशी. तिचं पहिलं वर्णन आर. पी. शर्मा या भारतीय शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये केलं. दुसरा धागा उंदरांच्या स्तनातल्या गाठींतून आला, १९८२ मध्ये, ‘इंट-१’ या नावाने. १९८७ मध्ये कळलं की दोन्ही जनुकं एकच आहेत, आणि पुढे दोन्ही नावं जोडून विंट झालं. एकीकडे पंख, दुसरीकडे कर्करोग. ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याला रेणूचं जे एक काम दिसलं, ते नावात राहिलं.

बीएमपीचं तर नावच ‘हाड घडवणारं प्रथिन’. मार्शल युरिस्ट यांना १९६५ मध्ये हाडाच्या अर्कातला असा गुण दिसला होता, त्यामुळे ते नाव चुकीचं म्हणता येत नाही. पण हाच गट भ्रूणाच्या सुरुवातीला बाह्यस्तरातल्या पेशींना त्वचेकडे वळवतो, आणि पुढे बोटांच्या मधल्या पेशींना मरायला लावतो. तुमच्या-माझ्या हाताची बोटं सुटी आहेत ती मधल्या पेशी मेल्या म्हणून. बदकाच्या पायात मात्र त्या जागी ग्रेमलिन नावाचं प्रथिन असतं, ते बीएमपीला अडवतं, पेशी जगतात आणि पडदा राहतो. ग्रेमलिनमध्ये भिजवलेला मणी कोंबडीच्या पायाच्या बोटांमध्ये ठेवला तर तिथेही पडदा राहतो. म्हणजे तोच बीएमपी बोटाच्या जागी कूर्चा वाढवतो आणि बोटाशेजारी मृत्यू आणतो, अंतर एखाद्या मिलिमीटरचंही नाही.

अडवणूक हीसुद्धा सूचना असते, हे मला स्वतःला उशिरा उमगलं. १९२४ मध्ये फ्रायबुर्गला हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या भ्रूणातला एक तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला आणि तिथे दुसरं शरीर उभं राहू लागलं, मज्जारज्जूसकट. त्या तुकड्याला त्यांनी ‘संघटक’ म्हटलं. मग पुढची कित्येक दशकं लोक त्यातला ‘मज्जा बनव’ (मज्जा म्हणजे इथे मेंदू आणि मज्जारज्जू यांची ऊती) असं सांगणारा रेणू शोधत होते. १९९२ मध्ये नॉगिन सापडलं, १९९४ मध्ये कॉर्डिन, आणि दोन्ही बीएमपीला पकडून ठेवणारी निघाली! उभयचराच्या त्या पेशींना बीएमपी मिळालं नाही तर त्या आपोआपच मज्जेकडे वळतात. बीएमपी त्यांना त्वचेकडे ओढत असतं, आणि संघटक त्या ओढीपासून त्यांना वाचवतो. कोंबडीत याला एफजीएफचीही जोड लागते, म्हणून सगळीकडे एकच सूत्र लावू नका.

मात्रा आणि वेळ यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुस्तकात मात्रेचा आलेख असतो आणि वेळ गाळली जाते. मज्जानलिकेच्या, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या नळीच्या, खाली पृष्ठरज्जू ही आधाराची दांडी असते. तिथून, आणि नंतर नलिकेच्या तळातून, सॉनिक हेजहॉग वर पसरतं. तळाशी जास्त, वर जाता जाता कमी. त्यानुसार तळाशी एक प्रकारच्या पेशी, त्याच्या वर स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी, आणखी वर जोडणाऱ्या चेतापेशी. वरून बीएमपी आणि विंट खाली येत असतात. इथवर बहुतेकांना येतं. पण पेशी ही मात्रा मोजते कशी?

तिच्या पटलावर पॅच्ड नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, असतो. हेजहॉग नसताना तो स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतो. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटलं की ती पकड सुटते, आणि स्मूदन्डमुळे ग्ली ही प्रथिनं केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. गंमत अशी की चालू होणाऱ्या जनुकांत पॅच्डचं जनुकही असतं. म्हणजे पेशी जितकी जास्त वेळ ऐकते तितके जास्त पॅच्ड बनवते, आणि तितकी तिची दाद कमी होत जाते. तळाची पेशी व्हायचं तर नुसती जास्त मात्रा पुरत नाही, ती जास्त वेळ टिकावीही लागते. म्हणून कुणी मला ‘मात्रेवर नशीब ठरतं’ असं लिहून दाखवलं की मी ‘किती वेळ?’ असं समासात लिहिते.

मावसभावाच्या बोटाबद्दल. इथे मी सरळ ‘हो’ म्हणणार नाही. जादा बोट अंगठ्याच्या बाजूला आहे की करंगळीच्या, एका हाताला की दोन्ही, घरात आणखी कुणाला आहे का, बाकी शरीरात काही आहे का, यावर सगळं अवलंबून. अंगठ्याच्या बाजूच्या काही घराण्यांतल्या बोटांचं कारण नीट माहीत आहे. सॉनिक हेजहॉगच्या जनुकापासून डीएनएची सुमारे १० लाख अक्षरं लांब, शेजारच्या एका जनुकाच्या आत, झेडआरएस नावाचा एक तुकडा आहे. हेजहॉग हातापायाच्या कळीत कुठे चालू व्हायचं हे तो ठरवतो. त्यातलं एक अक्षर बदललं तरी हेजहॉग अंगठ्याच्या बाजूलाही चालू होऊ शकतं, आणि मग सॉन्डर्स यांनी सुईने जे केलं तेच इथे निसर्गात घडतं. रेणू पूर्ण निरोगी असतो, फक्त चुकीच्या जागी बोलतो. मेंदू, चेहरा, मज्जारज्जू यांना काही होत नाही, कारण तिथले स्विच वेगळे आहेत. करंगळीच्या बाजूच्या बोटाची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. तेव्हा घरच्यांना मोबाइलवर निदान कळवू नका. जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, तेही कुटुंबाला जाणून घ्यायचं असेल तर.

चेहऱ्याचा धडा वर राहिला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. मेंढ्यांनी गाभणपणाच्या सुमारे चौदाव्या दिवशी व्हेराट्रम नावाची डोंगराळ वनस्पती खाल्ली होती. तिच्यातल्या सायक्लोपामीन या द्रव्यामुळे स्मूदन्ड बंद पडतं. डोळ्यांचं एकसंध क्षेत्र मधोमध दुभंगायला हेजहॉग लागतं, ते मिळालं नाही, आणि डोळा एकच राहिला. त्याआधी किंवा नंतर बऱ्याच दिवसांनी तीच वनस्पती खाल्ली तर हा परिणाम होत नाही. ऐकण्याची वेळ टळलेली असते. पुढे याच जागेवर बसणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रात कधी व्याख्यान ऐकायला गेलात तर तुमच्या धड्यातलीच नावं पुन्हा कानावर पडतील. लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीच्या चार गटांपैकी दोन गटांची नावंच विंट आणि सॉनिक हेजहॉग आहेत.

याला जोडून एक कळकळीची गोष्ट. जीवनसत्त्व ‘अ’पासून शरीर रेटिनॉइक आम्ल बनवतं, आणि तेही भ्रूणातला एक सिग्नल आहे. मुरमांवर घेतलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन त्याचाच भाऊबंद. गरोदरपणात ते घेतलं तर बाळाच्या चेहऱ्यावर, हृदयावर, मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतात. वर्गातल्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगते, कारण मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

नॉच या आणखी एका सिग्नलबद्दल थोडक्यात, कारण तो या सगळ्यांहून वेगळा आहे. तो दूर जात नाही. एका पेशीच्या पटलावरचं डेल्टा हे प्रथिन शेजारणीच्या पटलावरच्या नॉचला भिडतं, एवढंच. पण त्यातून शेजारच्या दोन सारख्या पेशी वेगळ्या होतात, आणि पाठीचे कायखंड (पेशींचे ठोकळे, ज्यांतून पुढे मणके आणि स्नायू होतात) ठरावीक तालात सुटे होण्यामागेही तोच असतो : कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी. दोन दिवसांच्या भ्रूणात या जोड्या मोजून वय सांगता येतं, आणि मुलांना ते फार आवडतं.

आता प्रकल्प. तो पूर्णपणे तुमच्या प्रयोगशाळेवर अवलंबून आहे. इन्क्युबेटर ३८ अंशांवर स्थिर राहतो का, वीज गेली तर जोड आहे का, बरा सूक्ष्मदर्शक आहे का, आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी मिळेल का, हे आधी पाहा. किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, ती सहसा फलित नसतात. आम्ही फलित अंडी कर्जतच्या बाजूने आणतो. लोकलमध्ये ती हिंदकळतात, म्हणून आणल्यावर बोथट टोक वर करून रात्रभर स्वस्थ ठेवतो आणि मगच उबवायला लावतो. हे मी शिकले ते एका पावसाळ्यात, आणल्या आणल्या उबवलेल्या दोन डझनांपैकी जेमतेम चारांत भ्रूण धड निघाले तेव्हा. उबवताना अंडी आडवी ठेवा. खिडकी पाडण्याआधी बोथट टोकातून सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरा काढून घ्या, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली उतरतो आणि कात्री त्याला लागत नाही. खिडकी सेलोटेपने घट्ट बंद करा. कडा कापण्यासाठी धार लावलेली टंगस्टनची सुई लागते आणि हात बसायला महिने लागतात. तुमच्याकडे एकच सत्र असेल तर हा प्रयोग निवडू नका. कायखंड मोजून वय ठरवण्यापुरतंच काम ठेवा.

माझं ऐकाल तर हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी घ्या. साध्या भिंगाखाली होतो, खर्च जवळपास नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम चालू आहे, तिथे लिहून विचारता येईल. ठाण्याच्या तलावांतही शोधून पाहायला हरकत नाही, मात्र पाणवनस्पतींच्या पानांखाली बघा आणि धीर धरा. हायड्राचं डोकं कापलं की दोन-तीन दिवसांत नवीन शुंडकं दिसू लागतात. नव्या डोक्याच्या जागी विंट चालू होतं. आणि १९०९ मध्ये एथेल ब्राउन यांनी एका हायड्राच्या तोंडाचा तुकडा दुसऱ्याच्या कुशीत लावून तिथे नवा हायड्रा उगवलेला दाखवला होता, श्पेमान-मांगोल्ड यांच्या १५ वर्षं आधी. कल्पना तीच, आणि साधनं तुमच्या कॉलेजात असतील तेवढीच.

परीक्षेसाठी इतकंच करा. कुठलाही सिग्नल समोर आला की रेणूच्या नावापुढे काम लिहू नका. कोण पाठवतंय, कोण ऐकतंय, ती ऐकणारी पेशी तोवर काय होऊन बसली होती, किती मात्रा, किती वेळ, आणि मध्ये कोण अडवतंय, हे लिहा. हाताच्या कळीपासून सुरुवात करा, तिथे सगळे एकत्र भेटतात. कडा कापल्यावर झेडपीएमधलं हेजहॉग का मंदावतं, हे स्वतः शोधून काढा आणि इथेच लिहा; मी वाचून उत्तर देईन.